झीरो काढा

लातूरच्या ट्युशन एरियात प्रत्येक सराला त्याच्या विषयाचं नाव असतं. कुणी फिजिक्सवाले सर, कुणी बायोवाले सर. मल्लिकार्जुनला पोरं म्हणत 'डाऊट सर'. क्लासच्या इमारतीत जिन्याखाली एक टेबल होतं, दोन खुर्च्या होत्या, डोक्यावर दिवसाही जळणारी ट्यूबलाइट होती आणि भिंतीवर पाटी होती, 'डाऊट काउंटर, गणित'. वरच्या मजल्यांवर मोठे सर माइक लावून शिकवायचे. तिथं ज्यांच्या डोक्यात काही शिरलं नाही ती पोरं जिना उतरून खाली यायची आणि वही पुढं करायची. वही पोराच्या बाजूनं उघडलेली असायची, त्यामुळं इतक्या वर्षांत मल्लिकार्जुनला गणितं उलटी वाचायची सवय झाली होती. सरळ धरलेली वही दिसली की तोच जरा अडखळायचा.

देवणीजवळच्या त्याच्या गावात ही पदवी काही नीट पोचली नव्हती. त्याची आई विठाबाई शेजारपाजारी सांगायची, "माझा मल्लू लातुरात डाक्टर सर हाय." एकदा सणाला गावी गेला तर शेजारची म्हातारी गुडघा उघडा करून ओट्यावर येऊन बसली. तो म्हणाला, "मावशी, मी गणिताचा हाय." म्हातारी म्हणाली, "असू दे की बाबा, कशाचा का असंना. गोळी दे."

खरं म्हणजे या कामाला याच्याइतका लायक माणूस हुडकूनही सापडला नसता. शंका त्याच्या हाडीमाशी खिळलेल्या होत्या. घराला कुलूप लावलं की ओढून बघायचा, चार पावलं गेला की परत येऊन ओढायचा. उदगीरची बस उभी असली तर पाटी वाचायचा, मग कंडक्टरला विचारायचा, मग खिडकीतल्या प्रवाशाला विचारायचा, आणि तेवढ्यात बस निघून जायची. शाळेत गुरुजींनी सांगितलं की ऋण गुणिले ऋण धन. सगळ्या वर्गानं मान डोलावली. यानं विचारलं, "कामून?" त्याचं उत्तर छडीनं मिळालं, आणि ते त्याला पटलंही नाही. उदगीरला बी.एस्सी. झाला, नांदेडला विद्यापीठात एम.एस्सी. झाला, तोही पहिल्या वर्गात. पण प्राध्यापक व्हायला जी सेट परीक्षा लागते तिच्यात चार पर्यायांतून एकावर खूण करायची असते, आणि याला आधी दोन पर्याय बरोबर वाटायचे, मग दोन्ही चूक वाटायचे, आणि घंटा व्हायची. काही वर्षं बसला, मग बसायचं सोडलं. शंकेखोराला जगात कुठं जागा मिळणार? जिन्याखाली मिळाली.

त्याला आयुष्यात फार काही नको होतं. एक फळा हवा होता. समोर भरलेला वर्ग, हातात खडू, आणि आपण पहिल्या ओळीपासून सुरू केलेलं गणित. काउंटरवर सगळी गणितं अर्धवट यायची, दुसऱ्या कुणी तरी सुरू केलेली आणि मधेच बिघडलेली. वरून माइकमधला आवाज झिरपत खाली यायचा तेव्हा तो मनातल्या मनात ते वाक्य आपल्या पद्धतीनं म्हणून बघायचा. वय अडतिसाच्या पुढं सरकलं होतं आणि नव्यानं येणारे सर पंचविशीतले होते. आता नाही तर कधीच नाही, हे त्याला कळत होतं.

आणि यंदा संधी चालून आली. खेड्यापाड्यांतून, मराठी शाळांतून अकरावीला आलेल्या पोरांसाठी क्लासनं वेगळी फाउंडेशन बॅच काढायची ठरवली. सायन्स सगळं इंग्रजीत, आणि ही पोरं दहावीपर्यंत मराठीत शिकलेली. क्लासचे मालक मृत्युंजय सर काउंटरपाशी थांबून म्हणाले, "मल्लिकार्जुन सर, या पोरांची भाषा तुम्हाला येते. रविवारी एक डेमो द्या. सुदर्शन सर पण देतील. ज्यांचं जमेल त्यांची बॅच." विषय त्यांनीच ठरवून दिला, रॅशनल फंक्शनचे झीरो. दोघांनाही तोच.

सुदर्शन म्हणजे चुणचुणीत गडी. बोलायला लागला की स्वल्पविरामसुद्धा घ्यायचा नाही. पोरांनी शंका विचारायच्या आत त्याची पुढची तीन गणितं झालेली असायची. मल्लिकार्जुनची बायको आरती एका दवाखान्यात औषधांच्या काउंटरवर बसायची, तिला सगळं सांगितल्यावर ती एवढंच म्हणाली, "या वेळी शंका काढत बसू नका म्हणजे झालं."

डेमोच्या आदल्या दिवशी शिवकन्या काउंटरवर आली. जळकोट तालुक्यातली पोरगी, मावशीकडं राहून शिकत होती. दोन वेण्या, दप्तर पोटाशी धरलेलं, आणि डोळ्यांत असा भाव, की कुणीतरी आपल्याला फसवलंय आणि ते कोण हे अजून कळलेलं नाही.

"सर, माझं उत्तर चुकलं म्हणून राहिले सगळे. पण कामून चुकलं ते कोणीच सांगून राहिलं न्हाई."

त्यानं वही बघितली. एक अपूर्णांक होता. वर एक्स वर्ग वजा पाच एक्स अधिक सहा, खाली एक्स वजा दोन. प्रश्न होता, या फंक्शनचे झीरो काढा. म्हणजे एक्सच्या जागी कोणती संख्या घातली की सगळ्याची किंमत शून्य होते ते सांगा. पोरीनं वरच्याचे अवयव बरोबर पाडले होते, एक्स वजा दोन आणि एक्स वजा तीन. मग वरच्या एक्स वजा दोनला काट मारली होती, खालच्यालाही मारली होती. उरलं होतं एक्स वजा तीन. इथपर्यंत सगळं बेस. आणि शेवटी उत्तर लिहिलं होतं, 'काढला. एक्स बरोबर दोन.'

"अगं, उत्तर तीन आहे," तो म्हणाला. "तीन घातला की हे शून्य होतं. तीन हा झीरो."

"पण सर, तीन तर मी ठेवलाय. काढा म्हणले म्हणून दोन काढला."

मल्लिकार्जुनला कळायला जरा वेळ लागला, आणि कळल्यावर हसू आलं. पन्नास भागिले शंभर असलं की खेड्यातल्या शाळेत गुरुजी म्हणतात, वरचा झीरो काढा, खालचा झीरो काढा, आणि पोरं दोन्ही शून्यांवर रेघ ओढतात. ही बिचारी इथं येऊन तेच करत होती. सापडलेला झीरो इमानदारीनं बाहेर काढून टाकत होती.

"काढा म्हणजे शोधून काढा," तो म्हणाला. "विहिरीतून पाणी काढतो ना, तसं."

"वावरातून दगूड काढतो तसं न्हाई?"

दोष पोरीचा नव्हता, मराठीचा होता. आपल्याकडं फोटो काढला की नव्हता तो येतो आणि दात काढला की होता तो जातो, आणि दोन्हीला शब्द एकच. गणित शिकवणाऱ्यानं कुठं कुठं पुरं पडायचं?

"बरं, शोधा समजून घे," तो म्हणाला.

"मग दोन कुठं गेला सर? वरच्याला तर दोन पण शून्य करून राहिला होता."

"त्याला काट मारली ना."

"काट मारली म्हणजे मेला का?"

मागं आणखी पोरं वह्या घेऊन खोळंबली होती. मल्लिकार्जुननं तिला तोच नियम सांगितला जो तो वर्षानुवर्षं सांगत आला होता. "आधी काट मारायची, मग जे उरेल त्याचे झीरो काढायचे. एवढं पाठ कर." तिनं मान हलवून लिहून घेतलं आणि गेली. पण तिची शंका टेबलावरच राहिली. दोन मेला का? मेला नसेल तर गेला कुठं? संध्याकाळपर्यंत तो दुसऱ्या पोरांची गणितं सोडवत होता आणि मनात दोनला हुडकत होता.

रात्री जेवताना त्यानं आरतीला विचारलं, "रेशन कार्डावरून एखाद्याचं नाव काढलं, तर तो माणूस घरातला राहतो का?"

आरतीचा हात ताटावर थांबला. "कोणाचं काढलं?"

"कोणाचं नाही. समज."

"माझं काढलं की. लग्न झाल्यावर नांदेडच्या कार्डावरून माझं नाव काढलं. पण माहेरी गेले की आई ताट वाढतेच. म्हणजे घरातलीच ना?"

या उत्तरानं मल्लिकार्जुन पार चक्रावला. म्हणजे दोनला काट मारली तरी त्याला ताट वाढायचं? मग वाढत का नाहीत? आणि वाढायचं नसेल तर तो आधी घरात होता हे कुणाला आठवतं? त्यानं ताटाच्या कडेला बोटानं अपूर्णांक काढला. आरती म्हणाली, "बोट वरणात बुडलंय." तेवढ्यात देवणीहून विठाबाईचा फोन आला. उद्या मल्लू काहीतरी मोठं करणार आहे एवढं तिला कळलं होतं. ती म्हणाली, "घराण्याचं नाव काढ बाबा." त्यानं "हाव" म्हटलं आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ त्या वाक्याकडं संशयानं बघत बसला.

झोपण्याआधी मात्र त्याला एक युक्ती सुचली. शिवकन्येला दोनची काळजी लागली आहे ना, मग उद्या असं गणित घ्यायचं की काट मारूनही दोन शिल्लक राहील. वर एक्स वजा दोन दोनदा लिहायचं, एक्स वजा तीन एकदा, आणि खाली एक्स वजा दोन एकदा. खालचा आणि वरचा एक उडेल, तरी वरचा दुसरा उरेल. मग उत्तर दोन आणि तीन. पोरीला म्हणता येईल, बघ, कोणी मेलं नाही. या विचारानं त्याला इतकं बरं वाटलं की त्यानं ते गणित तपासूनही बघितलं नाही. जन्मभर कुलूप ओढून बघणारा माणूस नेमका त्या रात्री न ओढता झोपला.

रविवारी हॉल भरलेला होता. औसा, जळकोट, देवणी, लोहा, कुठली कुठली पोरं. काहींचे बापही मागं भिंतीला टेकून उभे होते. मृत्युंजय सर शेवटच्या बाकावर वही उघडून बसले. सुदर्शनचा डेमो आधी झाला. त्यानं सहा गणितं दणादण सोडवली, पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि कुणाला काही कळलं की नाही हे विचारायला कुणालाच सुचलं नाही.

मग मल्लिकार्जुन वर चढला. खडू हातात घेतला आणि त्याला वाटलं, बस, हेच. समोरचे चेहरे सरळ होते, कुणीच उलटं नव्हतं. त्यानं सुरुवात फार छान केली. इथं काढा म्हणजे दात काढा नव्हे, फोटो काढा, असं म्हणाला. पोरं हसली, मागचे बाप हसले, मृत्युंजय सरांनीही वहीत काहीतरी लिहिलं. फंक्शनला मशीन म्हणा, एक्स आत टाकायचा, किंमत बाहेर, जो एक्स टाकल्यावर बाहेर शून्य येतं तो झीरो. सगळ्यांच्या माना हलत होत्या. आवाज कापत नव्हता. आपण इतकी वर्षं जिन्याखाली काय करत होतो, असं त्याला वाटायला लागलं.

आणि मग त्यानं ते गणित लिहिलं. खालच्या एक्स वजा दोनला काट, वरच्या एकाला काट. "आता वर काय उरलं? एक्स वजा दोन आणि एक्स वजा तीन. झीरो कोणते?"

"दोन आणि तीन," हॉल एका आवाजात म्हणाला.

त्यानं उत्तराभोवती चौकट केली आणि मुद्दाम शिवकन्येकडं बघितलं. ती दुसऱ्या रांगेत होती. तिचा हात वर होता.

"सर, दोन टाकून बघितला मी. पहिल्या ओळीत."

"मग?"

"वर शून्य आलं. खाली पण शून्य आलं. शून्य भागिले शून्य किती?"

हॉलमधून उत्तरं आली. कुणी म्हणालं एक, कारण वर-खाली सारखंच आहे. कुणी म्हणालं शून्य. मागचा एक बाप म्हणाला, "शून्याला शून्यानं काय भागायचं, दोघं भी कंगाल."

मल्लिकार्जुन फळ्याकडं वळला. खाली शून्य आलं की किंमतच नसते, हे त्याला माहीत होतं. किंमतच नाही तर ती शून्य कशी असेल? म्हणजे दोन हा झीरो नाही. पण शेवटची ओळ सांगत होती की आहे. पहिली ओळ आणि शेवटची ओळ यांच्यामध्ये त्यानं स्वतः फक्त काट मारली होती. दोन्ही ओळी त्याच्याच हातच्या होत्या आणि दोघी एकमेकींना खोटं ठरवत होत्या. आधी काट मारायची, मग झीरो काढायचे. हा नियम त्यानं किती पोरांना दिला होता!

सुटका सोपी होती. 'ते पुढं लिमिटच्या धड्यात येईल, आत्ता लिहून घ्या' एवढं म्हटलं की झालं. सुदर्शननं ते हसत म्हटलं असतं. मल्लिकार्जुनच्याही जिभेवर ते आलं होतं. मृत्युंजय सर वहीवरून मान वर करून बघत होते. पण त्याच्या तोंडून जे निघालं ते असं निघालं, "थांबा. मला डाऊट आहे."

डाऊट पोरांना असतो, सरांना असतो हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

तो फळ्याकडं बघत उभा राहिला, आणि मग स्वतःशीच बोलावं तसं विचारायला लागला. "काट मारली म्हणजे आपण काय केलं?"

"उडवलं," कुणीतरी म्हणालं.

"उडवलं म्हणजे काय केलं?"

पुढचा एक पोरगा म्हणाला, "वरखाली एकाच संख्येनं भागलं."

"कशानं भागलं?"

"एक्स वजा दोननं."

"आणि एक्स जर दोन असला, तर एक्स वजा दोन किती?"

"शून्य."

"शून्यानं भागता येतं?"

"न्हाई."

"मग आपण भागलं कसं?"

आता मल्लिकार्जुन खरंच विचारत होता, त्याला उत्तर माहीत नव्हतं म्हणून. शिवकन्या हळूहळू उठून उभी राहिली. "एक्स दोन न्हाई असं धरलं, सर."

"कधी धरलं?"

"काट मारली तवाच. कोणाला न सांगता."

मल्लिकार्जुननं खडू खाली ठेवला आणि परत उचलला. दोन मेलाही नव्हता आणि कुठं गेलाही नव्हता. काट मारताना आपणच त्याला दाराबाहेर उभं केलं होतं, आणि शेवटच्या ओळीत विसरून त्याच्याच नावानं चौकट आखली होती. त्यानं उत्तरातला दोन पुसला. एकटा तीन राहिला. "आधी वरच्याचे झीरो शोधायचे," तो सावकाश म्हणाला, "मग बघायचं, त्यातला कोणता खालच्यालाही शून्य करतो. तो सोडून द्यायचा. आणि हे काट मारायच्या आत करायचं. मी उलटं सांगत आलो."

"म्हणजे सर," शिवकन्या म्हणाली, "काढून मग काढायचे. मी काल तेच केलतं."

हॉल हसला. एवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण लोह्याच्या एका पोरानं विचारलं, "मग ग्राफमध्ये दोनपाशी काय असतं?"

"भोक असतं."

"केवढं?"

"एका बिंदूएवढं."

"बिंदू केवढा असतो?"

"बिंदूला लांबीरुंदी नसते."

"मग भोक दिसणार कसं?"

मल्लिकार्जुननं ग्राफ काढला, त्यावर छोटा गोल काढला, आणि त्या गोलाकडं बघून म्हणाला, "हा मी मोठा काढलाय. खरा मलाही दिसत नाही." मग त्यालाच वाटलं, जे दिसत नाही ते आहे असं आपण कशावरून म्हणतो? तो पुन्हा विचारात पडला. पोरंही त्याच्याबरोबर विचारात पडली. हॉलमधली निम्मी पोरं त्या छोट्या गोलाकडं तोंड उघडं ठेवून बघत असतानाच वेळ संपली. राहिलेली पाच गणितं खिशातल्या कागदावरच राहिली.

केबिनमध्ये मृत्युंजय सरांनी त्याला आधी चहा दिला, त्यावरूनच तो काय ते समजला. सर वाईट माणूस नव्हते. "मल्लिकार्जुन सर, तुमचं उत्तर बरोबर होतं," ते म्हणाले. "पण ही पोरं गावाकडून येतात, आधीच भेदरलेली. त्यांना वाटलं पाहिजे की समोरच्याला सगळं येतं. तुम्ही फळ्यापुढं उभं राहून म्हणालात, मला डाऊट आहे. बाहेर एक पालक मला विचारत होते, यांचं शिक्षण किती?"

"त्यांचं बरोबर आहे," मल्लिकार्जुन म्हणाला.

"बॅच सुदर्शन सर घेतील. काउंटर मात्र तुमच्याशिवाय चालायचा नाही. तुम्ही रागावला नाहीत ना?"

तो नाही म्हणाला आणि खाली आला. काउंटर बंद होता. ट्यूबलाइट न लावता तो आपल्या खुर्चीवर बसला. त्याला वाईट वाटलं. साधं, सरळ वाईट वाटलं, आणि त्यात शंका घ्यायला कुठंच जागा नव्हती. फळा मिळाला होता आणि त्यानं तो आपल्या हातानं घालवला होता. आता परत कोण डेमोला बोलावणार? सरांचं म्हणणं चूक होतं असंही त्याला म्हणता येईना. पोरांना भरवसा लागतो, खरं आहे. पण दोनभोवती चौकट तशीच ठेवून तो भरवसा द्यायचा होता का? त्याला दोन्ही पर्याय बरोबर वाटले, आणि मग दोन्ही चूक वाटले.

घरी आरतीनं त्याचं तोंड बघून पाण्याचा तांब्या पुढं केला. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "लिहून घ्या म्हणाला असता तर?"

"तर मिळाली असती."

"मग का न्हाई म्हणाला?"

"डाऊट आहे असं तोंडून निघूनच गेलं."

तिला राग आला होता, तो तिनं भाकरी थापताना परातीवर काढला. जेवायला वाढताना मात्र ती म्हणाली, "आईंना मी सांगते फोनवर. तुम्ही नका बोलू, तुम्ही घोळ घालाल."

सोमवारी तो नेहमीच्या वेळेला काउंटरवर होता. वरून सुदर्शनचा आवाज माइकमधून खाली येत होता, फाउंडेशन बॅचचा पहिला तास. मल्लिकार्जुननं तो न ऐकायचा प्रयत्न केला. तास सुटला, जिन्यावर पावलं वाजली, आणि रांगेत सगळ्यात पुढं शिवकन्या येऊन उभी राहिली. दप्तर पाठीवर होतं, हातात वही नव्हती.

"सर, एक डाऊट हाय."

"बोल."

तिनं मागं वळून रांगेकडं बघितलं, मग टेबलाच्या कडेला धरून, फक्त त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "बॅच तुम्हाला मिळाली न्हाई ती मपल्यामुळं का? मी हात वर केला म्हणून?"

मल्लिकार्जुननं तिच्याकडं बघितलं. डोळे लाल होते, म्हणजे रात्री झोपली नसावी. आपण आत्ता काय म्हणतो त्यावर ही पोरगी पुन्हा कधी हात वर करणार की नाही हे ठरणार होतं, आणि ते त्याला स्वच्छ दिसत होतं. जन्मभरात त्याला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता ज्याचं उत्तर त्याला विचार न करता, पडताळून न बघता ठाऊक होतं. हो, तुझ्यामुळंच.

"न्हाई," तो म्हणाला. "वही काढ."